वेळापत्रकाबाहेरचं विमान

मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळावर दोन लहान विमानं शेजारी उभी आहेत, असं समजा. एक आहे एटीआर 72. सत्तरेक प्रवासी नेणारं, कमाल उड्डाणवजन 23 टनांच्या आसपास. ते रोज ठरल्या वेळी एखाद्या जिल्ह्याच्या गावी जातं. दुसरं आहे बीचक्राफ्ट किंग एअर. वजन पाच-साडेपाच टन, आत स्ट्रेचर, ऑक्सिजनची नळकांडी आणि डॉक्टर. कुठून फोन आला की ते निघतं. दोघांच्या टाकीत एकच इंधन जातं, तेलकंपनीही एकच. तरी पावती फाडली की लक्षात येतं, की रुग्ण नेणाऱ्या छोट्या विमानानं लिटरमागे जास्त कर भरलेला असतो.

मी डहाणू तालुक्यातल्या रानशेतची. माझ्या नोकरीची बहुतेक वर्षं मुंबईत लहान विमानं चालवणाऱ्या एका कंपनीच्या हिशेबखात्यात गेली. एप्रिल 2013 मध्ये लोकल डहाणू रोडपर्यंत आली आणि माझं जाणंयेणं सुकर झालं. गावात अजून कुणी भेटलं की विचारतं, ‘ताई, विमानाला एवढा पैसा लागतो तरी कशाला?’ लोकांना वाटतं, वैमानिकाचा पगार किंवा यंत्राची किंमत. त्या गोष्टी आहेतच. पण माझ्या टेबलावर दर महिन्याला सर्वांत जाड फाइल यायची ती इंधनाची, आणि सर्वांत जास्त डोकं खायची ती परवानग्यांची. या दोन फायलींवरच हा लेख आहे. एकीत सरकार विमानाकडून काय घेतं ते दिसतं. दुसरीत विमानावर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रणेला सरकार किती देतं ते कळतं.

पावती वाचताना

विमानाजवळ इंधनाचा टँकर येतो, त्याला आमच्याकडे सगळे बाउझर म्हणतात. पाइप जोडण्याआधी बाउझरच्या तळातून काचेच्या बरणीत नमुना काढतात. तो उजेडात धरून बघायचा. गाळ नको, गढूळपणा नको. मग एका सिरिंजच्या तोंडाला छोटी पिवळसर कॅप्सूल लावून तिच्यातून थोडं इंधन ओढायचं. पाण्याचा अंश असला तर कॅप्सूल हिरवट पडते आणि भरणं तिथंच थांबतं. सगळं ठीक असलं तर घनता टिपली जाते, मीटर शून्यावर येतो आणि लिटर मोजले जातात. शेवटी इंजिनिअर सही करतो आणि पावतीची एक प्रत हिशेबखात्याकडे येते.

या पावतीमागची करआकारणी समजायला सोपा आकडा घेऊ. जेट इंधनाचा, म्हणजे एटीएफचा, भाव दर महिन्याला बदलतो. म्हणून करापूर्वीचा मूळ भाव लिटरला 70 रुपये धरू. त्यावर केंद्राचं उत्पादनशुल्क 11 टक्के, म्हणजे 7 रुपये 70 पैसे. ऑक्टोबर 2018 पर्यंत हेच शुल्क 14 टक्के होतं. आता झाले 77 रुपये 70 पैसे. या रकमेवर राज्याचा व्हॅट लागतो. मुंबईत तो 18 टक्के, म्हणजे 13 रुपये 99 पैसे. 70 रुपयांचं इंधन 91 रुपये 69 पैशांना पडलं. बारकाईनं बघा, व्हॅट नुसत्या इंधनावर लागला नाही, केंद्राच्या शुल्कावरही लागला. त्या 13 रुपये 99 पैशांतला जवळजवळ 1 रुपया 39 पैसे हा करावरचा कर आहे.

दुकानदाराला जीएसटी लागतो तेव्हा खरेदीवर भरलेला कर तो विक्रीच्या करातून वजा करून घेतो. विमानाच्या इंधनाला ही सोय नाही. जुलै 2017 मध्ये जीएसटी आला तेव्हा कच्चं तेल, पेट्रोल, डिझेल, नैसर्गिक वायू आणि एटीएफ या पाच वस्तू तूर्त बाहेर ठेवल्या. तो ‘तूर्त’ अजून संपलेला नाही. परिणाम असा, की चार्टर विमानाच्या भाड्यावर 18 टक्के जीएसटी लावायचा, पण इंधनावर भरलेलं उत्पादनशुल्क आणि व्हॅट त्यातून वजा करता येत नाहीत. ते खर्चात जातात आणि त्या वाढलेल्या भाड्यावर पुन्हा जीएसटी लागतो. रुग्णवाहिकेची सेवा जीएसटीतून मुक्त आहे, हे योग्यच. पण रुग्ण नेणाऱ्या विमानाच्या इंधनावरचे दोन्ही कर तसेच राहतात, आणि शेवटी ते रुग्णाच्या घरच्यांच्या बिलात उतरतात.

एका शब्दाची सवलत

मग एटीआरला कमी कर कसा? त्याचं उत्तर केंद्रीय विक्रीकर कायद्याच्या कलम 14 मध्ये आहे. या कलमात ‘विशेष महत्त्वाच्या’ वस्तूंची यादी आहे. यादीतल्या वस्तूवर राज्याला ठरावीक मर्यादेपलीकडे कर लावता येत नाही. ही मर्यादा आधी 4 टक्के होती, 2011 मध्ये 5 टक्के झाली. पंख्याच्या, म्हणजे टर्बोप्रॉप विमानांना विकलेलं एटीएफ या यादीत होतंच. 2007-08 च्या अर्थसंकल्पात पी. चिदंबरम यांनी लहान जेट विमानांनाही त्यात घेतलं. नवी व्याख्या झाली ती अशी: कमाल उड्डाणवजन 40 हजार किलोंपेक्षा कमी असलेलं आणि ‘शेड्यूल्ड’ विमानकंपनी चालवत असलेलं विमान.

शेड्यूल्ड म्हणजे वेळापत्रकानं चालणारी. सगळी गोम या अटीत आहे. वेळापत्रकावरची एसटी आणि गरजेला ठरवलेली जीप यांत जो फरक, तोच इथं. चार्टर, हवाई रुग्णवाहिका, हवाई सर्वेक्षण, किनाऱ्यापासून दूरच्या तेलविहिरींवर माणसं नेणारी हेलिकॉप्टरं ही सगळी नॉन-शेड्यूल्ड. त्यांच्या परवान्याचं नावच एनएसओपी, नॉन-शेड्यूल्ड ऑपरेटर परमिट. वजन 40 टनांच्या कितीतरी खाली असूनही ती सवलतीच्या बाहेर राहतात.

आमच्या 70 रुपयांच्या उदाहरणात 5 टक्के व्हॅट असेल तर लिटर 81 रुपये 59 पैशांना पडतं. म्हणजे मुंबईत लिटरमागे 10 रुपये 10 पैशांचा फरक. किंग एअरला जाऊन-येऊन दोन तासांच्या उड्डाणाला साधारण 800 लिटर लागतात. एका फेरीला 8 हजारांवर रुपये झाले ते केवळ वेळापत्रक नाही म्हणून. आजारी माणूस वेळापत्रकानं आजारी पडत नाही, एवढं साधं कारण कायद्याला पुरलेलं नाही.

हाच शब्द उतरण्याच्या शुल्कातही सापडतो. भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या विमानतळांवर 80 पेक्षा कमी आसनांच्या विमानांना लँडिंग चार्ज माफ आहे, पण ते देशांतर्गत शेड्यूल्ड कंपनीचं असेल तरच. हेलिकॉप्टरांना मात्र सरसकट माफी आहे. म्हणजे कामाचं स्वरूप बघून सूट देता येते, हे सरकारला माहीत आहे. ते इंधनापर्यंत पोचलेलं नाही.

महाराष्ट्राचा करनकाशा

आपल्या राज्यानं या बाबतीत काहीच केलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. मुंबई आणि पुण्यात एटीएफवर 25 टक्के व्हॅट होता तेव्हाही उरलेल्या महाराष्ट्रात तो 5 टक्केच होता. नागपूरला इंधन स्वस्त, मुंबईत महाग, असं चित्र आम्ही कितीतरी वर्षं पाहिलं. जिथं स्वस्त तिथं टाकी जास्त भरून घ्यायची, ही युक्ती सगळे करतात. तिला टँकरिंग म्हणतात. पण जास्त इंधन म्हणजे जास्त वजन, आणि ते वजन वाहून न्यायलाही इंधनच लागतं. करातली तफावत वाचवण्यासाठी जादा इंधन जाळायचं, हे देशाच्याही फायद्याचं नाही.

ऑगस्ट 2016 मध्ये लहान शहरं विमानानं जोडणाऱ्या ‘उडान’ योजनेसाठी केंद्राशी करार करणारं महाराष्ट्र पहिलं राज्य ठरलं. कोल्हापूर, शिर्डी, अमरावती, गोंदिया, नाशिक, जळगाव, नांदेड, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग ही दहा ठिकाणं त्यात होती. तिथं भरलेल्या इंधनावर केंद्राचं उत्पादनशुल्क 2 टक्के आणि दहा वर्षं फक्त 1 टक्का व्हॅट. आपलं 70 रुपयांचं लिटर तिथं 72 रुपये 11 पैशांना पडेल. शिवाय तोटा भरून काढायला अनुदान, ज्यात राज्याचा वाटा 20 टक्के. त्यासाठी पैसा उभा करायला डिसेंबर 2016 पासून मोठ्या मार्गांवरच्या प्रत्येक उड्डाणावर आकार बसवला. सुरुवातीला तो अंतरानुसार 7,500 ते 8,500 रुपये होता.

23 डिसेंबर 2017 ला मुंबईहून जळगावला एअर डेक्कनचं विमान गेलं. बीचक्राफ्ट 1900डी, वीसहून कमी आसनांचं. खानदेशात केवढा आनंद झाला होता! ती कंपनी 2020 मध्ये थांबली. कोल्हापूर, नांदेड, जळगाव जोडणारी ट्रूजेट 2022 मध्ये थांबली. देशभरातलं चित्रही असंच आहे. महालेखापरीक्षकांच्या 2023 च्या अहवालानुसार उडानच्या तिसऱ्या टप्प्यापर्यंत 774 मार्ग दिले गेले, त्यांतले 403 सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या 371 पैकी 112 मार्गांनी तीन वर्षांची मुदत पुरी केली. मुदतीनंतरही मार्च 2023 पर्यंत टिकले ते फक्त 54.

यातून काही जण निष्कर्ष काढतात, की करसवलत देऊन काही होत नाही. मला तसं वाटत नाही. कर हा एका बाजूचा खर्च. मुंबईत उतरण्याची वेळ मिळणं, छोट्या विमानतळावर इंधनाची सोय असणं, सुटे भाग वेळेत येणं, वैमानिक टिकणं या गोष्टी जमल्या नाहीत तर 1 टक्का व्हॅट एकटा विमान उडवू शकत नाही. पण सगळं जमवूनही लिटरमागे वीस-बावीस रुपये करात जात असतील, तर लहान कंपनीकडे एका वाईट महिन्याचाही श्वास उरत नाही. मोठ्या कंपनीकडे शेकडो विमानं असतात, एका मार्गावरचा तोटा दुसऱ्यावर निघतो. दोन-तीन विमानांच्या कंपनीत एक विमान बंद पडलं म्हणजे धंद्याचा मोठा हिस्सा बंद पडला. मार्ग टिकलेलेही आहेत. गोव्याच्या फ्लाय91 नं एटीआर विमानांवर जळगाव, पुणे, सिंधुदुर्ग जोडलं, आणि जून 2025 मध्ये सोलापूरला पुन्हा प्रवासी विमान आणलं.

2021 मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री ज्योतिरादित्य शिंदे यांनी राज्यांना पत्रं लिहून व्हॅट 1 ते 4 टक्क्यांवर आणायची विनंती केली. अनेक राज्यांनी ऐकलं. महाराष्ट्रानं मार्च 2023 च्या अर्थसंकल्पात, देवेंद्र फडणवीस अर्थमंत्री असताना, मुंबई, पुणे आणि रायगडसाठी दर 25 वरून 18 टक्के केला. बंगळुरू आणि गोव्याच्या बरोबरीनं यावं, हे त्यामागचं कारण. मोठ्या कंपन्यांना हा दिलासा होता. पण हवाई रुग्णवाहिका आणि चार्टर बहुतेक मुंबई-पुण्यातूनच चालतात, आणि त्यांच्यासाठी 18 टक्के हाच आजचा दर आहे.

निळं पेट्रोल

सगळी विमानं जेट इंधनावर चालत नाहीत. वैमानिक व्हायचं शिक्षण ज्या सेसना 152 किंवा 172 वर होतं, त्यांत मोटारीसारखं पिस्टन इंजिन असतं. त्यांना लागतं एव्हिएशन गॅसोलीन, म्हणजे अ‍ॅवगॅस 100 एलएल. हे निळ्या रंगाचं असतं. चुकून जेट इंधन भरलं जाऊ नये म्हणून बरणीतला रंग बघण्याची शिस्त विद्यार्थ्याला पहिल्या दिवसापासून लावतात.

अ‍ॅवगॅस भारतात पूर्वी बाहेरून, पिंपांतून यायचं. जहाज लांबलं की प्रशिक्षण अडायचं. 26 सप्टेंबर 2022 ला इंडियन ऑइलनं देशी अ‍ॅवगॅस बाजारात आणलं. ते बडोद्याजवळच्या कोयली इथल्या गुजरात रिफायनरीत बनतं. डहाणू रोडला गुजरातकडची गाडी पकडली की त्याच लोहमार्गावर बडोदा येतं. इतक्या जवळ बनणारी वस्तू आपण वर्षानुवर्षं समुद्रापलीकडून आणत होतो!

भारतात व्यावसायिक वैमानिकाच्या लायसन्ससाठी 200 तास उड्डाण लागतं. सेसना 172 तासाला साधारण 35 लिटर पिते. 200 तासांचे झाले 7 हजार लिटर. लिटरमागे 10 रुपये इकडे-तिकडे झाले की एका विद्यार्थ्यामागे 70 हजार रुपयांचा फरक पडतो. बारामती, धुळे, नागपूर, गोंदिया इथं प्रशिक्षणाची परंपरा आहे. धुळ्याला गेलेला बॉम्बे फ्लाइंग क्लब 1928 चा. जे. आर. डी. टाटांनी याच क्लबात शिकून 10 फेब्रुवारी 1929 ला भारतातलं पहिल्या क्रमांकाचं लायसन्स मिळवलं. आज डहाणू-तलासरीच्या आश्रमशाळेतली एखादी मुलगी आकाशाकडे बघून वैमानिक व्हायचं म्हणत असेल, तर तिच्या आणि कॉकपिटच्या मध्ये पहिली भिंत पैशांची आहे.

सप्टेंबर 2024 मध्ये जीएसटी परिषदेनं मान्यताप्राप्त संस्थांच्या मान्यताप्राप्त वैमानिक अभ्यासक्रमांना जीएसटी लागत नाही, असं स्पष्ट केलं. हे चांगलं झालं. तरी एक बारीक मेख राहतेच. सेवा करमुक्त असली की संस्थेनं सुट्या भागांवर, दुरुस्तीवर भरलेला जीएसटी तिला परत मिळत नाही. तो शुल्कात लपून विद्यार्थ्याकडे जातो.

नियामकाची तिजोरी

आता दुसरी फाइल. विमान उडण्यायोग्य आहे का, वैमानिक लायक आहे का, कंपनीची कार्यपद्धती नीट आहे का, हे बघणारी संस्था म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, डीजीसीए. विमानाचं एअरवर्दिनेसचं प्रमाणपत्र, परमिटचं नूतनीकरण, वैमानिकाची तपासणी, हस्तपुस्तिकेतला बदल, नवा भाग बसवणं या प्रत्येक गोष्टीला मंजुरी लागते, आणि ती लागलीच पाहिजे. लहान कंपनीतली माणसं नियमांना वैतागतात हे खरं, पण नियम नकोत असं म्हणणारा शहाणा माणूस मला भेटलेला नाही.

प्रश्न आहे तो या संस्थेच्या बळाचा. डीजीसीए जी फी घेते ती भारताच्या एकत्रित निधीत जाते. खर्चाला पैसा मिळतो तो नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अर्थसंकल्पातून. म्हणजे काम वाढलं, फी वाढली, तरी त्या पैशातून आपोआप जादा निरीक्षक नेमता येत नाहीत. संसदेच्या स्थायी समितीनं 2025 मध्ये दाखवून दिलं, की डीजीसीएच्या 1,063 मंजूर पदांपैकी 553 च भरलेली होती. त्याच वर्षीच्या भांडवली तरतुदीत डीजीसीएच्या वाट्याला 30 कोटी आणि अपघातांची चौकशी करणाऱ्या ब्युरोला 20 कोटी आले, यावरही समितीनं बोट ठेवलं.

अर्ध्या खुर्च्या रिकाम्या असल्या की सगळ्यात जास्त कळ कुणाला लागते? मोठ्या विमानकंपनीत परवानग्यांचा पाठपुरावा करणारा वेगळा विभाग असतो. लहान कंपनीत तेच काम एखादा इंजिनिअर दुरुस्ती सांभाळून करतो. एक मंजुरी लांबली की विमान जमिनीवर बसतं. जमिनीवर बसलेल्या विमानाचं हँगरभाडं, विमा, कर्जाचा हप्ता, पगार काहीही थांबत नाही, फक्त कमाई थांबते. आणि दुसरी, जास्त गंभीर बाजू अशी, की निरीक्षक कमी असले की लहान कंपन्यांच्या हँगरमध्ये प्रत्यक्ष जाऊन बघणंही कमी होतं. चांगली कंपनी आणि कामचुकार कंपनी यांतला फरक कागदावर दिसत नाही, हँगरमध्ये दिसतो.

जगात यावर वेगवेगळे मार्ग काढलेत. ब्रिटनची नागरी विमान प्राधिकरण संस्था 1972 पासून काम करते आणि आपला खर्च ज्यांच्यावर देखरेख करते त्यांच्या शुल्कातून भागवते. तिथं लहान विमानवाल्यांची तक्रार असते, की प्रत्येक कागदाची फी जड जाते. अमेरिकेत 1970 मध्ये विमानतळ आणि हवाई मार्गांसाठी स्वतंत्र निधी केला. तिथं लहान विमानाचा मालक अ‍ॅवगॅसच्या गॅलनमागे 19.4 सेंट केंद्रीय कर भरतो, खासगी जेटवाला 21.9 सेंट, आणि विमानकंपन्या इंधनावर फक्त 4.4 सेंट, कारण त्या तिकिटावर वेगळा कर देतात. हा पैसा धावपट्ट्या, टॉवर आणि नियामक यंत्रणेकडे परत येतो. तिथले लहान वैमानिक दर सेवेला वेगळी फी नको म्हणतात, आणि त्यांचं कारण विचार करण्याजोगं आहे. हवामान विचारायला पैसे पडू लागले तर कुणीतरी न विचारताच उडेल. पंपावर एकदा कर घ्या, सुरक्षेची सेवा मोकळी ठेवा, असा त्यांचा आग्रह आहे.

आपल्याकडे या दोन्ही मार्गांतला जाच आहे आणि फायदा एकाचाही नाही. लहान विमान इंधनावर भरपूर कर देतं, पण तो राज्याच्या आणि केंद्राच्या सर्वसाधारण तिजोरीत जातो. फी वेगळी देतं, ती एकत्रित निधीत जाते. आणि ज्या संस्थेनं त्याच्यावर लक्ष ठेवायचं, तिची निम्मी पदं रिकामी. 2013 मध्ये स्वतःचा निधी असलेलं नागरी विमान प्राधिकरण स्थापण्याचं विधेयक लोकसभेत आलं होतं. ती लोकसभा संपली आणि विधेयकही संपलं. 1934 चा विमान कायदा जाऊन 1 जानेवारी 2025 पासून भारतीय वायुयान अधिनियम 2024 लागू झाला, पण नियामकाच्या पैशाचा प्रश्न जिथं होता तिथंच आहे.

आम्हाला याचं काय?

रानशेतला बसून हे लिहिताना मला जाणीव आहे, की ज्या गावात पाऊस संपला की माणसं कामासाठी बाहेर पडतात तिथं विमानाचा कर हा दूरचा विषय वाटेल. श्रीमंतांच्या चैनीला सूट कशाला, असा प्रश्न येईल. तो रास्त आहे. स्वतःच्या वापरासाठी विमान आणणाऱ्यावर सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के जीएसटी आहे. त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. माझं म्हणणं कामाच्या विमानांपुरतं आहे.

आमच्या भागातला गंभीर रुग्ण डहाणूच्या रुग्णालयातून पुढे पाठवला की घरचे विचार करतात, वलसाड, सिल्वासा की मुंबई. महामार्गावर कोंडी असली की देवाचं नाव घ्यायचं. डिसेंबर 2021 मध्ये जव्हारहून झाप गावाला कोरोनाच्या 300 लसी ड्रोननं पोचवल्या, वीसेक किलोमीटर, दहा मिनिटांच्या आत. डोंगराळ भागाला हवेतून मदत पोचते हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं. लसींच्या जागी माणूस न्यायचा तर हेलिकॉप्टर लागेल, आणि त्याला एटीएफ लागेल.

सुरक्षेचा प्रश्नही आमच्या दारातला आहे. 13 जानेवारी 2018 ला जुहूहून ओएनजीसीचे पाच अधिकारी आणि दोन वैमानिक घेऊन निघालेलं हेलिकॉप्टर डहाणूच्या बाजूच्या समुद्रात कोसळलं, कुणी वाचलं नाही. त्याच दिवशी डहाणूच्या पारनाक्याजवळ विद्यार्थ्यांची बोट उलटली होती. डहाणूकरांनी तो दिवस जन्मभरासाठी मनात ठेवलाय. अपघाताची कारणं त्या-त्या चौकशीनं ठरवायची असतात. पण देखरेख करणाऱ्या आणि चौकशी करणाऱ्या संस्थांकडे माणसं आणि पैसा पुरेसा हवा, एवढं म्हणायला कुठल्या चौकशीची वाट बघायला नको.

आणि आता विमानतळच इकडे यायच्या गोष्टी आहेत. 30 ऑगस्ट 2024 ला वाढवण बंदराची पायाभरणी झाली. मार्च 2025 च्या राज्याच्या अर्थसंकल्पात बंदराजवळ मुंबईचा तिसरा विमानतळ करण्याचा प्रस्ताव मांडला गेला. बंदराबद्दल, मासेमारीबद्दल, चिकूच्या वाड्यांबद्दल इथल्या लोकांचे प्रश्न तीव्र आहेत आणि त्यांना उत्तरं मिळालीच पाहिजेत. पण विमानतळ झालाच, तर पालघर जिल्हा करनकाशात कुठं बसणार, उरलेल्या महाराष्ट्राच्या 5 टक्क्यांत की मुंबई-पुणे-रायगडच्या 18 टक्क्यांत, हे आधी ठरायला हवं. तिथं रुग्णासाठी हेलिकॉप्टरला जागा राखलेली असेल का, हेही आधी ठरायला हवं. करार झाल्यावर विचारून उपयोग नसतो.

राज्याला उत्पन्न लागतं, हे मी हिशेबात आयुष्य घालवलेली बाई म्हणून नाकारणार नाही. म्हणून सरसकट माफी मागत नाही. तीन गोष्टी मागते.

पहिली, एटीएफ जीएसटीत आणा, म्हणजे करावर कर बसणार नाही आणि भरलेला कर वजा होईल. त्याला वेळ लागणार असेल, तर दुसरी गोष्ट आजही करता येते: 40 हजार किलोंखालच्या विमानांच्या सवलतीतून ‘शेड्यूल्ड’ ही अट हवाई रुग्णवाहिका आणि वैमानिक प्रशिक्षणापुरती तरी काढा. त्यासाठी केंद्राची वाट बघायचंही कारण नाही, महाराष्ट्र सरकार आपला व्हॅट या दोन कामांसाठी स्वतःच 5 टक्क्यांवर आणू शकतं. तिसरी, विमानांकडून घेतलेली फी नियामकाच्याच कामासाठी बांधून ठेवा आणि रिकामी पदं भरा.

पालघर, नाशिक, नंदुरबार, गडचिरोलीच्या आमदार-खासदारांना माझी विनंती आहे, की पुढच्या अर्थसंकल्पी अधिवेशनात हा प्रश्न नाव घेऊन विचारा. आणि वाचकहो, तुमचा लोकप्रतिनिधी मतं मागायला दारात येईल तेव्हा रस्ता आणि पाण्याबरोबर त्याला हेही विचारा, की आमच्या जिल्ह्यातल्या रुग्णाला न्यायला येणाऱ्या विमानाच्या मुंबईत भरलेल्या इंधनावर तुमचं सरकार किती टक्के कर घेतं. त्याला आकडा सांगता आला नाही, तर 18 टक्के हे उत्तर तुम्ही त्याला सांगा.